आधी संस्थेचं संकेतस्थळ बघा

घरबसल्या वेब डिझाइनची पदवी देणाऱ्या जाहिरातीत लॅपटॉपपुढे हसणारी मुलगी ठरलेलीच. शिकवणार काय, हे मात्र मोबाइल नंबर दिल्याशिवाय कळत नाही. आणि दिला, की 'समुपदेशकां'चे फोन सुरू. गंमत म्हणजे काही संस्थांचं स्वतःचं संकेतस्थळच मोबाइलवर धड उघडत नाही. प्रवेशपरीक्षा घ्यायचीच, तर विद्यार्थ्याने संस्थेची घ्यावी!

तसं पदवीवाचून अडतंच असंही नाही. १९९१ साली जगातलं पहिलं संकेतस्थळ सुरू करणारे टिम बर्नर्स-ली ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. (वेब डिझाइनची पदवी त्यांना देणार तरी कोण होतं?)

संकेतस्थळं घडवणाऱ्या एचटीएमएल, सीएसएस या भाषा फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळावर फुकट शिकता येतात. कागद हवाच असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२०च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. मान्यताप्राप्त संस्थांची यादी यूजीसी जाहीर करते. पहिला हप्ता भरण्याआधी ती उघडा.