जुन्या खुनांचा घरबसल्या तपास : होतकरूंसाठी सूचना

शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे खून संगणकावर उकलू पाहणाऱ्या नाशिककरांच्या सोयीसाठी सदर सूचना तयार करण्यात येत आहेत. त्या काटेकोर पाळाव्यात. पाळल्याने गुन्हेगार हाती लागेलच असे नाही, पण रविवार भांडणाविना पार पडण्याची शक्यता वाढते.

सूचना पहिली. खेळ निवडताना काळ पाहावा. जितका जुना तितका बरा. आजचा खून मोबाइलच्या टॉवरवरून आणि सिग्नलच्या कॅमेऱ्यावरून सुटतो, त्यात गुप्तहेराने नुसते चहा पीत बसायचे. बोटांचे ठसे नाहीत, रक्ताची तपासणी नाही, अशा काळात गेले की माणसाकडे नीट बघण्यावाचून गत्यंतर नसते. या कसोटीवर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा खेळ पहिल्या नंबरात येतो. लुकास पोप या गृहस्थाने तो जवळजवळ एकहाती रचून २०१८ मध्ये आणला. ईस्ट इंडिया कंपनीशी जोडलेले एक जहाज १८०२ मध्ये लंडनहून निघते, बेपत्ता होते, आणि १८०७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला परत येऊन लागते. निघताना त्यावर साठ माणसे होती, आता चिटपाखरू नाही. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. आपल्याला मिळते एक घड्याळ. ते मृतदेहाजवळ धरले की आधी अंधारात त्या माणसाचे शेवटचे काही क्षण ऐकू येतात आणि मग मृत्यूचा क्षण गोठून समोर उभा राहतो, त्यात हिंडायचे. साठपैकी प्रत्येकाचे नाव काय, त्याचे काय झाले आणि कोणी केले, एवढेच वहीत भरून द्यायचे.

सूचना दुसरी. आपण कोणाच्या नोकरीत आहोत हे मामांना कळू देऊ नये.

मामांविषयी इथे खुलासा आवश्यक आहे. आमचे मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. छापून आलेल्या कागदात काय बिघडले आहे हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर ती नजर नाइलाजाने नातेवाइकांवर वळली. दर रविवारी ते जेलरोडहून येतात आणि माझ्या खुर्चीमागे खुर्ची टाकून बसतात. माउसला हात लावत नाहीत. ज्यांना मामा नाहीत त्यांनी सासरे किंवा शेजारचे काका वापरावेत, परिणाम तोच.

"कंपनी म्हणजे कुठली रे? ती?" मामांनी विचारले.

"हो, तीच."

"अरे, ज्या वर्षी हे गलबत निघालं, त्याच वर्षीच्या एकतीस डिसेंबरला बाजीराव पेशव्याने वसईला यांच्याच तहावर सही केली. आणि तू यांच्या विम्याचे पैसे वाचवायला निघालायस?"

मी सांगून पाहिले की खेळ १८०७ सालातला आहे, तेव्हा नाशिक पेशव्यांकडेच होते, कंपनीचा अंमल इथे आला १८१८ मध्ये.

"म्हणजे तू अकरा वर्षं आधीच फितूर!" मामा म्हणाले आणि मागे रेलून बसले.

सूचना तिसरी. हा खेळ पूर्ण दोन रंगांत आहे, सगळे चित्र ठिपक्याठिपक्यांचे. आई येता-जाता "पडद्याला मुंग्या आल्यात, केबलवाल्याला फोन कर" असे सांगेल. उत्तर देऊ नये. डोळे फारच शिणले तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांच्या नावाने वेगवेगळ्या रंगछटा दिल्या आहेत, त्यातली एखादी निवडावी.

सूचना चौथी. चेहऱ्यावरून गुन्हेगार ठरवू नये. ही सूचना सर्वांत महत्त्वाची असून ती आमच्या घरी आजवर कोणीही पाळलेली नाही. मामांची घडण बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळापहाडवर झाली, पुढे दूरदर्शनवर गाजरे खाणारा करमचंद आला, मग दयाकडून दारे तोडून घेणारे एसीपी प्रद्युम्न. एवढ्या शिकवणुकीनंतर माणूस पुराव्याची वाट कशाला पाहील? संशयित पडद्यावर आला, टोपी काढली, की मागून निकाल येतो : "हाच तो. मिशी बघ."

मामांच्या सुदैवाने आणि माझ्या दुर्दैवाने चेहऱ्यावरच उभा असलेला एक खेळ निघालेला आहे. 'एल. ए. न्वार', २०११ चा. काळ १९४७, गाव लॉस एंजेलिस. त्यासाठी खऱ्या नटांचे चेहरे बत्तीस कॅमेऱ्यांनी टिपले, का तर समोरचा खोटे बोलताना पापणी कशी लवते, ओठ कसे आवळले जातात हे तुम्हाला दिसावे. साक्षीदाराने उत्तर दिले की तुम्ही ठरवायचे : खरे, शंका की खोटे. यातले 'शंका' बटण जपून वापरावे. आपल्याला वाटते, आपला फौजदार सौम्यपणे भुवई उंचावेल. तो एकदम नवरा गमावलेल्या बाईच्या अंगावर खेकसतो. २०१७ मध्ये खेळ पुन्हा काढताना त्या बटणांची नावे बदलली, पण खेकसणे तसेच आहे. आणि 'खोटे' दाबले तर लगेच पुरावा दाखवावा लागतो. नुसती मिशी चालत नाही. मामांना हे अजून मान्य नाही.

इथे एक खरोखरच उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. गुन्ह्याच्या जागी मागे संगीत चालू असते. सगळे पुरावे सापडले की ते थांबते. संगीत थांबल्यावर त्या खोलीतल्या बाटल्या आणि काडेपेट्या उचलून बघत बसण्यात अर्थ नाही. मामा मात्र संगीत थांबल्यावरच म्हणतात, "आता कोपरा बघ." आणि मी बघतो. का बघतो, कोण जाणे.

सूचना पाचवी. चिवड्याच्या हाताने माउस धरू नये.

सूचना सहावी. दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकण्याची लाज वाटत असेल तर 'द लास्ट एक्स्प्रेस' खेळू नये. १९९७ चा जुना खेळ, जॉर्डन मेकनरचा. जुलै १९१४, पहिले महायुद्ध दाराशी, आणि आपण पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेल्या ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये. गाडीतला वेळ खऱ्या वेळेच्या सहापट वेगाने पळतो आणि आपल्यासाठी कोणी थांबत नाही. आपण डबा क्रमांक एकमध्ये गप्पा ऐकत असताना डबा क्रमांक दोनमध्ये महत्त्वाचे घडून जाते. मग घड्याळ उलटे फिरवून परत जायचे. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही. झोपेचे सोंग घेऊन पलीकडच्या बाकावरच्या कुटुंबाचा जमिनीचा वाद कसारा येईपर्यंत संपूर्ण ऐकणे ही विद्या त्यांच्या अंगी मुरलेली असते.

सूचना सातवी. वही ठेवावी. पतसंस्थेने दिलेली गेल्या वर्षीची डायरी उत्तम. 'ओब्रा डिन'मध्ये वही खेळातच असते आणि ती भारी चतुर आहे. तुमचे एखादे उत्तर बरोबर आले म्हणून ती लगेच सांगत नाही. तीन जणांचे सगळे तपशील अचूक जुळले की तिन्ही एकदम छापल्यासारखे पक्के होतात. त्यामुळे अंदाजपंचे दाहोदरसे फार चालत नाही. दोघांविषयी पक्की खात्री असेल तर तिसऱ्या जागी नावे फिरवून पाहता येतात, पण ते मी करतो हे मामांसमोर कबूल करत नाही. आणखी एक : वहीतला चेहरा धूसर असेल तोवर त्याच्या मागे लागू नये. तो स्वच्छ झाला की समजावे, ओळखण्याइतका मजकूर आता डोळ्यांखालून गेलेला आहे, आपल्यालाच दिसलेला नाही.

आणि तो मामांना दिसतो. हे लिहिताना त्रास होतो, पण सूचना प्रामाणिक असाव्यात. जहाजाच्या पोटात खलाशी कापडी झोळ्यांत झोपले आहेत असा एक देखावा आहे. चार जण एकसारखे, चेहरे झाकलेले, संवादात एकाचेही नाव नाही. मी झोळ्यांभोवती फिरून फिरून थकलो. मामा मागून म्हणाले, "तो बिल्ला बघ. आकडा आहे." होता. खलाशांच्या यादीतला क्रमांक प्रत्येक झोळीला लावलेला.

"आणि त्याचा पाय बाहेर आलाय. तो बूट लक्षात ठेव."

पुढे दुसऱ्याच मृत्यूच्या देखाव्यात, गर्दीत, डोलकाठीवर चढणाऱ्या एका माणसाच्या पायात तोच बूट निघाला. वहीत तीन नावे पक्की झाली. मी मागे वळून पाहिले तर मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला होता, आणि मिशीविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. हजारो सारख्या कागदांतून एक निराळा कागद बाजूला काढणारा माणूस मिशीवर का जातो, हे मला कळलेले नाही. बहुधा मिशी ही हौस आहे आणि बूट हा धंदा.

त्या गलबतावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत. त्यांची नावे नीट लागेपर्यंत मामांनी त्या दिवशी जेवण पुढे ढकलले होते. कंपनीचे पैसे बुडाले तर बुडोत, म्हणाले, पण आपली माणसं बेवारस राहायला नकोत.

सूचना आठवी. अडले तरी इंटरनेटवर उत्तर पाहू नये. पाहिल्यास मामांना सांगू नये. त्यांना कळतेच.

सूचना नववी. असा खेळ नाशकावर काढावा, हा विषय जेवणाआधी काढू नये. तो निघतोच, कारण साहित्य तयार आहे : २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, बदलून चाललेल्या कलेक्टर जॅक्सनसाहेबाच्या निरोपाला 'संगीत शारदा'चा प्रयोग, आणि प्रेक्षकांत विशीही न गाठलेले अनंत कान्हेरे. पण गुप्तहेरीच्या खेळाला इथेच पहिली खीळ बसते. गोळ्या कोणी झाडल्या याचे कोडेच नाही. कान्हेरे जागच्या जागी पकडले गेले. मी सुचवले की मग कोडे पिस्तुलाचे करू. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले ट्रंकेच्या खोट्या तळात दडवून पाठवली. त्यातले एक विजयानंदपर्यंत कोणाकोणाच्या हातून आले, हा माग उलटा काढत जायचा.

"कोण काढणार माग?" मामांनी विचारले.

"म्हणजे... खेळणारा."

"खेळणारा कोण? सरकारी पोलीस ना? एकदा कंपनीची चाकरी करून झाली, आता राणीच्या मुलाची करतोस?"

प्रश्न बिनतोड होता. त्या काळातला गुप्तहेर व्हायचे तर पगार इंग्रजाचाच, आणि तपास यशस्वी झाला की काय होते ते ठाऊक आहे : १९ एप्रिल १९१०, ठाण्याचा तुरुंग, फासावर कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे. असा खेळ नाशकात जिंकायला कोण बसेल?

तोडगा मामांनीच काढला. पोलीस व्हायचेच नाही. ट्रंक आपण उतरवून घ्यायची, पिस्तुले वाटायची, चिठ्ठ्या जाळायच्या. तपास समोरचा करील, आपण माग ठेवायचा नाही. मी म्हटले, पण अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला, ते इतिहासात आहे.

"म्हणून तर खेळायचं," मामा म्हणाले.

तेव्हा ज्या कोणा संगणकवाल्याला हा खेळ करायचा असेल त्याने जरूर करावा. फक्त विजयानंदच्या खुर्च्यांच्या रांगा, साहेबाच्या कोटाची बटणे आणि 'शारदा'च्या जाहिरातीतले शुद्धलेखन आधी तपासून घ्यावे. मामा ते तपासणार आहेत.