पाहुण्यांचं राज्य

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात १९९४पासून उर्झा आणि मिश्रा हे सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले. भाऊबंदकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा ऐवज! पण १९९९मध्ये हॅस्ब्रो कंपनी त्याची मालक झाली, आणि ताळेबंदाला भाऊबंदकीत रस नसतो. मग दुसऱ्यांच्या गोष्टींतले पाहुणे पत्त्यांवर येऊ लागले: २०२०मध्ये ‘द वॉकिंग डेड’ची मंडळी आली, २०२३मध्ये जादूगार गॅन्डाल्फ, २०२५मध्ये स्पायडरमॅन आणि (खोटं वाटेल, पण) स्पंजबॉबसुद्धा. गॅन्डाल्फच्या गोष्टीतल्या अंगठीचा एक खास पत्ता तर जगात एकच छापला. गायक पोस्ट मलोनने तो लाखो डॉलर मोजून घेतला. आता ड्रॅगनवर स्पंजबॉब का चाल करून जातो, हे खेळाच्या कथाकाराला विचारू नये. पुढचा पाहुणा कोण, हे त्यालाही वकिलांकडूनच कळत असणार.