पायगुणाचा पिचर

बेसबॉलच्या नोंदवहीत चार्ल्स व्हिक्टर फाउस्ट या इसमाच्या नावावर जमा आहे ती एवढीच इस्टेट: हंगाम १९११, संघ न्यू यॉर्क जायंट्स, सामने २, पिचिंग केलेले डाव २, खाल्लेले फटके २, दिलेली धाव १. विजय नाही, पराभव नाही, एकाही फलंदाजाचा त्रिफळा-छाप ‘स्ट्राइकआउट’सुद्धा नाही. तरीही त्या हंगामात जायंट्सनी नॅशनल लीग जिंकली ती आपल्यामुळेच, अशी फाउस्टची खात्री होती. गंमत म्हणजे संघालाही तसंच वाटत होतं.

फाउस्ट कॅन्ससमधल्या मॅरियन गावचा, जर्मन शेतकऱ्याचा मुलगा. वय ३०, उंची सहा फुटांच्या वर, अंगात कसब शून्य आणि मनात शंकाही शून्य. कुणा ज्योतिष्याने त्याला सांगितलं, की तू जायंट्सकडून पिचिंग कर, संघ अजिंक्य होईल. दुसरा कुणी असता तर दक्षिणा देऊन मुकाट घरी गेला असता. हा जुलै १९११ मध्ये चांगला सूट चढवून थेट सेंट लुईसच्या मैदानात उतरला आणि जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांना म्हणाला, मी आलोय.

मॅग्रॉ म्हणजे जमदग्नी. अंपायर त्यांना टरकून असत. पण त्या दिवशी स्वारी खुशीत असावी. त्यांनी स्वतः हातमोजा चढवला आणि चेंडू टाकायला सांगितलं. फाउस्टने दोन्ही हात पवनचक्कीसारखे गरागरा फिरवले. एवढ्या घुसळणीतून जो चेंडू निघाला तो इतका संथ, की मॅग्रॉंनी हातमोजा काढून ठेवला असता तरी चाललं असतं. मग त्याला बॅट देऊन पळायला लावलं. सगळ्यांनी मुद्दाम चेंडू हुकवले आणि गडी सूटबुटासकट प्रत्येक बेसवर लोळण घेत होमपर्यंत पोचला. खेळाडू हसून बेजार झाले. फाउस्टला वाटलं, आपली निवड झाली.

त्याला सेंट लुईसलाच सोडून संघ निघून गेला. पण ज्याला अपमान कळतच नाही, त्याला टाळायचं कसं? तो न्यू यॉर्कला हजर झाला. त्याला गणवेश मिळाला, करार मात्र नाही. तो रोज इमानेइतबारे हात मोकळे करी, आज आपलीच पाळी म्हणून. आणि तो बाकावर बसला, की जायंट्स जिंकत! त्याच्या साक्षीने हरलेले सामने हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. मध्यंतरी या पायगुणाच्या प्रसिद्धीपायी तो न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर स्वतःचे खेळ करायला गेला, तर इकडे संघ हरू लागला. मग स्वारी पुन्हा बाकावर. भारताची भागीदारी जमली की घरातल्या कुणालाही खुर्चीवरून उठू न देणाऱ्या आपल्या मंडळींना हे शास्त्र समजावून सांगायला नको.

वास्तविक त्या संघाला पायगुणाची गरज नव्हती. क्रिस्टी मॅथ्युसनने त्या हंगामात २६ सामने जिंकून दिले, रूब मार्क्वार्डने २४. संघाने ३४७ बेस चोरले, म्हणजे फटका न बसताच धावून पुढचे बेस गाठले. पण श्रेय वाटताना माणूस घामापेक्षा शकुनावर अधिक उदार असतो.

लीग खिशात पडल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मॅग्रॉंनी त्याला खरोखरच मैदानात उतरवलं. ७ तारखेला बॉस्टनविरुद्ध त्याने शेवटच्या डावात पिचिंग केलं आणि एकच धाव दिली. पुढे जायंट्सचे तिन्ही गडी बाद झाले, सामना संपला, पण फाउस्टची फलंदाजी राहिली होती! बॉस्टनचे खेळाडू दिलदार; ते मैदानातच थांबले आणि त्याला चौथा गडी म्हणून खेळू दिलं. १२ तारखेला ब्रुकलिनविरुद्ध चेंडू त्याच्या अंगावर बसला, म्हणून पहिला बेस फुकट मिळाला. दुसरा आणि तिसरा त्याने चोरला. घरमालकच दार उघडं ठेवून बसले, तर चोराचा काय दोष? मग धावही झाली. पिचिंगचं म्हणाल, तर दोन डावांत दिलेली एक धाव, म्हणजे नऊ डावांच्या हिशेबाने सरासरी ४.५०. मॅथ्युसनची त्या साली १.९९ होती, पण ४.५० ही काही हसण्यावारी नेण्याची सरासरी नव्हे. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाने जायंट्सना ४-२ असं हरवलं. त्यांच्याकडेही त्यांचा शुभशकुनी गडी होता.

नंतर पायगुण आटला आणि संघाची मायाही आटली. फाउस्ट मात्र आपल्याला बोलावणं येईल म्हणून वाट पाहत राहिला. १८ जून १९१५ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या मनोरुग्णालयात तो क्षयाने गेला, वयाच्या ३४ व्या वर्षी. त्याला वेडा ठरवणं सोपं आहे. पण त्याने एका ज्योतिष्यावर विश्वास ठेवला, आणि लीग जिंकणाऱ्या शहाण्यांच्या अख्ख्या संघाने त्याच्यावर. आधीच्या वर्षी ओरेगनमधल्या मनोरुग्णालयात त्याला धंदा विचारला, तेव्हा त्याने ‘व्यावसायिक बेसबॉलपटू’ असं सांगितलं होतं. नोंदवही उघडून पाहा. ते खरं आहे.