उचलला पाय, ठेवला पाकटावर

टेक्सासच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात तासन् तास उभं राहून गळाने मासे धरायचे, या छंदाला ‘वेड फिशिंग’ म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ पाण्यातून पाय ओढत चालणे असा काहीसा आहे. देवनागरीत लिहिला की खरा अर्थ कळतो.

ह्यूस्टनला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला पाच-सहा वर्षांत घर, गवत कापायचं यंत्र आणि गणेशोत्सवाच्या समितीत एक खुर्ची मिळाली, की शनिवारी सकाळचं काय करायचं हा प्रश्न उरतो. मग ऑफिसातला कोणीतरी म्हणतो, गॅल्व्हेस्टनला चल. तासाभराचा रस्ता, उथळ पाणी, वाळूचा तळ, होडीसुद्धा लागत नाही. यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं. त्या वाळूखाली पाकटं निजलेली असतात, एवढंच तो सांगायचं विसरतो.

ते सांगायला मी आहे. मी या विषयातला जाणकार आहे. प्रमाणपत्र डाव्या घोट्यावर आहे. मागितलंत तर मोजा काढून दाखवतो.

१. शत्रू ओळखा.

पाकट तुम्ही पाहिलेलं असतं, पण बाजारात. कोकणात लिलावाच्या वेळी वाळूवर पालथ्या परातीसारखं पडलेलं, शेपटी छाटलेलं. गोव्यात त्याचं वागळं होतं आणि ते आंबट-तिखात येतं. शेपटी छाटलेली का असते, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, कारण आपण भाव करण्यात गुंतलेले होतो. कोळी मात्र जाळं वर आलं की पहिल्यांदा तेच काम उरकतो.

त्या शेपटीवर एक काटा असतो. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, आणि दात्यांची तोंडं उलटी. म्हणजे आत शिरताना पाहुण्यासारखा शिरतो, निघताना भाडेकरूसारखा. वर कातडीचं पातळ म्यान, आणि काट्याच्या खोबणींत विष तयार करणाऱ्या पेशी. काटा मोडला तर नवा येतो. तुमच्या पायाला ही सोय नाही.

आता गंमत ऐका. या शत्रूला तुमच्याबद्दल काडीचंही वाटत नाही. तो खेकडे, कोळंबी, शिंपले, चिखलातले किडे खातो. काटा तो शिकारीला वापरत नाही. कोणी पाठीवर उभं राहिलं, तरच वापरतो. अंगावर वाळू ओढून पडलेला असतो, फक्त डोळे आणि त्यांच्या मागची श्वासाची भोकं उघडी. भरवस्तीत कोणाच्या घरात शिरून, त्याच्या झोपलेल्या पाठीवर बूट ठेवून, वर स्वतःच्या संरक्षणाची चिंता करायची, ही या छंदाची मूळ भूमिका आहे. ती मनापासून पटली, की पुढचं सोपं जातं.

२. आधी खर्च करा.

पाकटापासून वाचायचा खरा उपाय फुकट आहे (पायरी ३). पण फुकट उपायावर आपला विश्वास बसत नाही, म्हणून दुकानात जा. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत टणक पत्र्यांचं चिलखत मिळतं, त्याला ‘रे-गार्ड’ म्हणतात. जाड तळव्याचे बूट वेगळे. पाठीला आधार देणारा पट्टा, त्याला लटकवायचा चिमटा, मोजपट्टी, तरंगती जाळी, आणि धरलेले मासे ओवून मागे ओढत न्यायची लांब दोरी. ही दोरी घ्याच. जखमी माशांची माळ कमरेला बांधून पाण्यात फिरलं, की फक्त पाकटांवर अवलंबून राहावं लागत नाही. शार्कही चौकशीला येतात.

चिलखत काम करतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ते घालून चालून बघा. पहिल्या दहा मिनिटांत वाळू आत जाते. अर्ध्या तासात प्रत्येक पायात एकेक किलो गॅल्व्हेस्टन भरलेलं असतं. घरी आरशासमोर तुम्ही शिलेदार दिसत होतात. पाण्यातून बाहेर येताना दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस दिसता. वाईट वाटून घेऊ नका. फोटो कमरेच्या वरचा काढतात.

मासेमारीचा परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याचा शिक्का विसरू नका. पाकट माफ करेल, गेम वॉर्डन करणार नाही.

३. चालायला पुन्हा शिका.

हा धडा सावकाश वाचा, कारण उपाय म्हणतात तो हाच.

पाय उचलायचा नाही. टाच तळाला, चवडा तळाला, आणि वाळू ढकलत पाय पुढे सरकवायचा. मग दुसरा. अमेरिकेत याला ‘स्टिंगरे शफल’ म्हणतात. ज्यांचं बालपण दोन खोल्यांत गेलं, त्यांना हे शिकवावं लागत नाही. लग्नघर आठवा. रात्री दोनला तहान लागली आहे, दिवा लावायची सोय नाही, आणि तुमच्यात आणि मोरीत पंधरा पाहुणे आडवे पसरले आहेत. (मोरी म्हणजे हात धुवायची, मालवणात शार्कला म्हणतात ती नव्हे.) तिथे तुम्ही पाय उचलून टाकत नव्हतात. पाऊल घासत, अंदाज घेत, कोणाच्या तरी कुशीला हळूच अंगठा लावत जायचात. तो ‘ऊं’ करून कूस बदलायचा. पाकटाचंही तसंच आहे. बाजूने धक्का लागला, किंवा वाळूतून थरथर आली, तरी ते उठून जातं. पाण्यात गढूळ ढग उठतो, त्यातून एक रुमाल भर्रकन निघून जातो, आणि तुमचं हृदय दोन ठोके चुकवून पुन्हा कामावर येतं. मावशीच्या पाठीवर पाय पडला असता तर काय झालं असतं, ते आठवा. शेपूट पुढे वळवून काटा मारणं म्हणजे तेच, फक्त दातेरी.

उपाय इतका सोपा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. चारशे डॉलरचा गळ हातात धरलेल्या माणसाला लंगड्या बदकासारखं घसटत जाणं लाजिरवाणं वाटतं. पाण्याखालचं कोणाला दिसत नाही हे त्याला पटत नाही. पहिली वीस मिनिटं तो इमानाने पाय घासतो. मग पाणी कोमट असतं, पेलिकन उडत असतात, मन ऑफिसात जातं आणि पाय सवयीने उचलले जातात.

४. दुसऱ्या नंबरवर चाला.

मित्राला आदराने पुढे घाला. ‘तुला जास्त अनुभव आहे’ म्हणा. मैत्री टिकवायची असेल तर काठी घ्या आणि पुढची वाळू चाचपत चला. गळाच्या टोकाने चाचपू नका, मोडतं.

५. मासा लागला की सगळं विसरा.

ही पायरी आपोआप होते, तिचा सराव लागत नाही. रेडफिश लागतो, रीळ किंचाळायला लागतं, आणि तुम्ही एका जिवंत टोकाला बांधलेले असता. आता मागे सरावंसं वाटतं. मागे सरताना माणूस पाय घासत नाही, उचलतो. तज्ज्ञ म्हणून मी तुम्हाला सांगू शकतो की त्या क्षणी पायाखालचा तळ मऊ लागतो, आणि मग तो हलतो.

मी तर मासा जवळ आणलाही होता. मित्र म्हणाला, फोटो काढतो, एक पाऊल मागे हो, ऊन तोंडावर येतंय. मी मागे झालो. बूट होते, चिलखत गाडीत होतं, कारण त्यात वाळू जाते.

मासा भरला साडेएकोणीस इंच. टेक्सासात रेडफिश वीस ते अठ्ठावीस इंचांचा ठेवता येतो, दिवसाला तीन. म्हणजे तो मला सोडावा लागला. मित्राने मोजपट्टी दोनदा लावली, आणि मी दोन्ही वेळा ‘नीट लाव’ असं ओरडलो, त्यातला पहिला आवाज माशासाठी नव्हता.

६. किंचाळा, पण क्रमाने.

काटा लागला की पहिल्यांदा थोडंसंच लागल्यासारखं वाटतं. धीर धरा. वेदना पुढच्या तास-दीड तासात चढत जाते, पायातून मांडीपर्यंत. याच वेळी आपण मरणार अशी खात्री पटते. यात कमीपणा नाही. मोठमोठ्यांना पटली आहे. १६०८ साली जेम्सटाउनचा कॅप्टन जॉन स्मिथ चेसापीक उपसागरात, ओहोटीने होडी रुतली म्हणून, वेळ घालवायला तलवारीने मासे भोसकत होता. तलवारीवरून पाकट काढताना त्याने काटा खाल्ला. हात-खांदा सुजला, आणि त्याने आपली कबर खणायला सांगितली. सोबत्यांनी ती खणलीदेखील. वैद्याने तेल लावलं, वेदना उतरली, आणि रात्री स्मिथने तेच पाकट जेवणात खाल्लं. व्हर्जिनियाच्या नकाशावर तिथे आजही ‘स्टिंगरे पॉइंट’ आहे. लक्षात घ्या, नाव पाकटाचं लागलं, स्मिथचं नाही.

टीव्हीवर मगरी धरणाऱ्या स्टीव्ह अर्विनचं नाव मात्र पाण्यात असताना कोणी काढू नका. ४ सप्टेंबर २००६ ला ऑस्ट्रेलियात त्याच्या छातीत काटा गेला आणि तो वाचला नाही. असं क्वचितच होतं, पण कंबरभर पाण्यात ‘क्वचित’ या शब्दाने फारसा दिलासा मिळत नाही. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपसायचा नाही. डॉक्टरांनाच काढू द्यायचा. इथे मी चेष्टा करत नाही.

मित्र या टप्प्यावर एक घरगुती उपाय सुचवेल आणि पँटच्या चेनला हात घालेल. ठाम नकार द्या. मानवी द्रवाचं तापमान ३७ अंश असतं आणि तुम्हाला हवे आहेत ४३ ते ४५. सहा अंश विज्ञानात कमी पडतात, मैत्रीत फार जास्त होतात.

७. गरम पाणी शोधा.

खरा इलाज हाच: रक्त दाबून थांबवायचं, जखम धुवायची, आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर मोडतो. पाणी आधी धडधाकट हाताने तपासा. दुखऱ्या पायाला आता कशाचंच खरं वाटत नसतं, तो भाजूनही घेईल. नंतर डॉक्टरकडे जा: काट्याचा तुकडा आत आहे का याचा एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन. या कोमट पाण्यातले जंतूही हलक्याने घ्यायचे नाहीत.

आता अडचण बघा. तुम्ही खाडीच्या मध्यात आहात. चहूबाजूंना पाणीच पाणी, आणि त्यातला एक थेंबही कामाचा नाही. किनारा चारशे मीटरवर, आणि तिथवर तुम्हाला पाय घासतच जायचं आहे, कारण पाकटांना तुमची सहानुभूती नाही. पोचल्यावर पेट्रोल पंपावरच्या दुकानात कॉफीच्या यंत्राला गरम पाण्याचा नळ असतो. मोठे कप घ्या. मी नऊ घेतले. काउंटरवरच्या बाईंनी नऊ कॉफींचे पैसे लावले, आणि माझ्या पायाकडे पाहून दुधाची पुडी फुकट दिली. माशांसाठी आणलेली बर्फाची पेटी रिकामी करा, पाणी त्यात ओता, पाय आत ठेवा. पेटी उष्णता छान धरते. इतक्या पैशांच्या सामानातली हीच एक वस्तू त्या दिवशी उपयोगी पडली.

पुढच्या खेपेला थर्मास न्या. दोन.

८. घरी सांगायची तयारी ठेवा.

बायको विचारेल, मासे दुकानात मिळत नाहीत का? यावर उत्तर आहे: समुद्रातला रेडफिश विकायला टेक्सासात १९८१ पासून बंदी आहे, दुकानात येतो तो तळ्यात वाढवलेला. आत्मविश्वासाने सांगा. मात्र ती पेटीत डोकावेल, आणि पेटीत तुमचा मोजा असेल.

आईचा प्रश्न अवघड असतो. माझी आई गिरगावात राहते. २०१३ साली चौपाटीवर विसर्जनाला अनवाणी उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी काटे मारले होते. तेव्हापासून गणपती आले की पाकट आणि जेलीफिशपासून जपण्याच्या सूचना येतात, आणि ती त्या मोठ्याने वाचते. तिने व्हिडिओवर माझा घोटा पाहिला, चष्मा लावून परत पाहिला.

“पाय घासत चालायचं, हे माहीत नव्हतं तुला?”

“माहीत होतं.”

“मग? तिथे गणपती होता का हातात?”

“नाही गं. साडेएकोणीस इंचांचा मासा होता.”

“खाल्लास?”

“सोडला.”

तिने फोन बाबांकडे दिला.

येत्या शनिवारी पहाटे पाचला निघतो आहोत. गाडीत एक जागा आहे. थर्मास मी आणतो. पाण्यात पुढे तुम्ही.