न आलेल्या डुकरांचे गुण

पहाटे पाचला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता धरतात. एकतर कोणीतरी गेलं, नाहीतर हत्ती आले. २०२१ साली छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप आमच्या धानोरा तालुक्यात उतरला, तेव्हापासून दुसरी शक्यता जास्त गांभीर्याने घेतली जाते. गेलेला माणूस निदान धान तुडवत नाही.

"कोन गेला?" बायकोने अंथरुणातूनच विचारलं.

"कोणी नाही. डॅलसहून पुतण्या बोलतोय. त्याला लाइनमन पाहिजे."

"तिकडंबी लाइन गेली का?"

पुतण्या तिकडून ओरडत होता, "काका, लाइनमन नाही, लाइनबॅकर! क्रमवारी लावायची आहे. रविवारी आमचा ड्राफ्ट आहे. तुम्ही जुने कबड्डीवाले, बचाव तुम्हाला कळतो."

तीस वर्षं मास्तरकी केली. 'तुम्हाला कळतं' असं या काळात ना पोरं म्हणाली, ना केंद्रप्रमुख, ना ही अंथरुणातली बाई. साता समुद्रापलीकडून ते ऐकू आल्यावर झोप गेल्याचं दुःख कोण करत बसणार? मी म्हणालो, "सांग बाबा."

मग त्याने मला अमेरिकेचा फुटबॉल समजावला. त्या खेळाला फुटबॉल म्हणतात, कारण चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. बचावाला अकरा गडी. त्यातली पुढची फळी समोरच्या धटिंगणांना अंगावर घेते, आणि त्या फळीतल्या गड्यांना खरोखरच लाइनमन म्हणतात. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. त्यांच्या मागे उभा राहून, फळी फोडून आलेल्याला आडवा करतो तो लाइनबॅकर. मी ते धानोऱ्याच्या हिशोबात बसवून घेतलं. खांबावर चढतो तो लाइनमन, खाली शिडी धरून उभा राहतो तो लाइनबॅकर. शिडी सुटेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आणि 'फँटसी' म्हणजे खऱ्या खेळाडूंची खोटी टीम. १९६२ साली ओकलंडच्या बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थाने मित्रांसोबत हा उद्योग काढला. खेळाडू मैदानावर खेळणार, त्यांचे गुण आपण घरी मोजणार, आणि जिंकलो की कॉलर आपण ताठ करणार. बहुतेक जण यात एखाद्या संघाचा अख्खा बचाव एकगठ्ठा घेतात. पुतण्याच्या मंडळींना मात्र एकेक बचावपटू निवडून घ्यायचा होता. एवढा बारकावा लग्नासाठी मुलगी बघताना दाखवला असता तर, असं मनात आलं. पण आंतरराष्ट्रीय कॉल होता.

मी त्याला दोन दिवस मागून घेतले, कारण नेमक्या त्याच प्रश्नावर आमच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी डोकेफोड चालली होती.

आमच्याकडे हा रोग कबड्डीतून आला. तसं कबड्डीचं वेड विदर्भाला नवं नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. पण २०१४ला प्रो कबड्डी आली आणि मांडी थोपटायचं सोडून लोक मोबाइल थोपटायला लागले. ऑगस्ट २०२५मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम २९ ऑगस्टला सुरू व्हायचा होता. आठवडाभर आधी मोबाइलवरच्या फँटसीचं दुकान बंद! पानठेल्यावर तीन दिवस सुतक पाळलं गेलं. चौथ्या दिवशी मी शाळेच्या काळातलं एक कोरं दोनशे पानी रजिस्टर काढलं आणि धानोऱ्याची स्वतःची लीग जाहीर केली. पैसा नाही, मोबाइल नाही. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घालायचे.

गडी पाच. वीज खात्यातला लाइनमन, एसटीतला कंडक्टर, सज्जाचा कोतवाल, स्वतः पानठेलेवाला आणि मी. प्रत्येकाला तीन बचावपटू घ्यायचे, आणि त्याआधी साऱ्या बचावपटूंची एक क्रमवारी लावायची. ही क्रमवारी बहुमताने लावू नये, असं कोतवालाने सुचवलं आणि तिथंच आमचा घात झाला.

धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) आहे. 'मावा नाटे, मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचंच राज्य, असं म्हणणारं, ग्रामसभेच्या देवाजी तोफांचं गाव. २००९ साली अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं. तिथं ग्रामसभेत हात वर करून मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहतात. "त्यायले एवढ्या मोठ्या जंगलाचं जमते," कोतवाल म्हणाला, "आपल्याले सात गड्याच्या खेळाचं नाई जमनार का गा?"

नाही जमलं. पहिल्या क्रमांकालाच अकरा संध्याकाळी गेल्या.

कंडक्टरचं म्हणणं सरळ होतं. तिकीट बघावं, म्हणजे माणूस कुठवर जाणार ते कळतं. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला, आणि पुणे जिंकलं. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला, तर हरियाणा जिंकलं. बाराव्या हंगामासाठी गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले. "फुल तिकीट आहे गुरजी. पैला नंबर."

कोतवालाला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याचा गडी फझल अत्राचली. तोही इराणीच, पण २०१५पासून आपल्याकडे. लोक त्याला सुलतान म्हणतात. पकडीचे पाचशेहून जास्त गुण, आणि मुंबई, पाटणा, गुजरात, पुणे, बंगाल, दिल्ली असे सहा संघ फिरूनही उभा डाव्या कोपऱ्यातच. कोतवालाचे डोळे भरून आले. "मी अकरा तहसीलदार पाह्यले," तो म्हणाला. "सायेब बदलते, खुर्ची बदलते. कोपऱ्यातला मानूस तोच रायते."

लाइनमनला जो उडी घेतो तोच बचावपटू वाटे. "वाट पाहून करंट येत नाई, हात लावा लागते." हे वाक्य त्याच्या तोंडी फार भीतिदायक वाटे. पानठेलेवाल्याच्या तोंडात कायम खर्रा, त्यामुळे तो सगळ्यांनाच मान हलवी. त्याची सहमती मिळवणं सोपं होतं, ती पिंक टाकेपर्यंत टिकायची.

मी मास्तर असल्यामुळे तक्ता आखला, आणि मला एक भलतीच गोष्ट दिसली.

चढाईपटू जिथं कच्चा दुवा दिसतो तिथं जातो. जबर कोपरारक्षकाच्या वाटेला तो शक्यतो जात नाही. म्हणजे दहशत जेवढी मोठी तेवढी गिऱ्हाइकं कमी, आणि गुणही कमी. जो जरा ढिला, त्याच्याकडे सगळे धावणार. त्यातले चार सुटले तरी दोन हाती लागणार, आणि तक्त्यात हा पठ्ठ्या वर. त्यावर कडी म्हणजे अव्वल पकड. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली की एकाऐवजी दोन गुण. संघ जेवढा बुडायला आलेला, तेवढं बचावपटूचं पीक जोमदार! लाइनमनला हे कळताच त्याने स्वतःच्या खेळाडूंच्या संघावर लोण चढावा म्हणून मारुतीला नारळ बोलला. अमेरिकेतही हीच तऱ्हा. ज्या संघाचा बचाव सारखा मैदानावरच उभा, ज्याची पुढची फळी फाटकी, त्याच्या लाइनबॅकरला लोळवायला माणसं भरपूर मिळतात.

मी पुतण्याला फोन लावला. "पडक्या घराचा राखणदार घे."

"म्हणजे?"

"ज्या संघाला रोज मार बसतो, त्याचा लाइनबॅकर घे. भल्या संघाचा घेऊ नकोस, तो बिचारा रिकामा बसेल."

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. "काका, हे ऑफिसलाही लागू आहे."

आता कबूल करतो की या शोधात माझाही स्वार्थ होता. १९८९च्या एका तालुकास्तरीय स्पर्धेत मी डावा कोपरारक्षक होतो. अख्ख्या स्पर्धेत माझ्या कोपऱ्याकडे फक्त दोन चढाईपटू फिरकले. माझ्या नावावर पकडी शून्य. लोक हसले, पण मी ते शून्य बिल्ल्यासारखं छातीवर बाळगलं. समोरच्यांची हिंमतच झाली नाही, असं मी पोरांना सांगायचो, बायकोला सांगायचो, गणिताच्या तासालाही सांगायचो. वीस वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत त्या वेळचा विरोधी चढाईपटू शेजारी बसला. मी मोठ्या मनाने विचारलं, "तेव्हा माझ्याकडे का येत नव्हतास रे?"

त्याने भात कालवत सांगितलं, "तुमच्या कोपऱ्यात चिखल होता ना गुरजी. बोरिंगचं पानी तिथंच जमा होये."

तेव्हापासून मला शून्याचे दोन अर्थ माहीत आहेत. एक दरारा, दुसरा चिखल. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

इकडे ऑक्टोबर सरत आला. धान पिवळं पडलं की आमच्याकडे रानडुकरांचा हंगाम सुरू होतो आणि घरोघरचे पुरुष जागलीला जातात. बांधीच्या कडेला मचाण, हाताशी रिकामा डबा, टॉर्च, आणि रात्रभर "हाऽऽ हूऽऽ". ही आमची खरी बचावफळी. तिचा कोणी लिलाव करत नाही. उलट हिशोब असा, की डुकरांनी धान लोळवलं तर अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई. रात्रभर जागून धान वाचवलं तर काहीच नाही, कारण न झालेल्या नुकसानीचा पंचनामा करायला कोणी येत नसतं.

३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना होता, दबंग दिल्ली विरुद्ध पुणेरी पलटण. माझे दोन गडी पुण्याचे. आणि बायकोने त्याच रात्री माझ्या हातात डबा दिला.

"आज फायनल आहे," मी म्हणालो.

"तुमची राहो. डुकरायची रोजच असते."

बांधीवर नेटवर्क नाही. मचाणावर मी, वर चांदणं आणि समोर काळं जंगल. तिकडे शेकडो मैलांवर कोण कोणाचा घोटा धरतंय ते कळायला मार्ग नाही. मी डबा वाजवत राहिलो. बाराच्या सुमारास झुडपात खसफस झाली. मी डबा आपटला, ओरडलो, टॉर्च फिरवला. मग सगळं शांत. पहाटेपर्यंत काही म्हणजे काहीच घडलं नाही, आणि ते घडू नये यासाठी माझा घसा बसला.

सकाळी चौघेही बांधीवर हजर. दिल्ली ३१-२८ने जिंकली होती. सुलतान दिल्लीकडचा, त्यामुळे कोतवाल स्वतःच अंतिम सामना जिंकल्यासारखा चालत होता. शेवटून पहिला कोण, यावर मात्र एकमत होत नव्हतं. आलुबोंड्यांचा विषय निघाला की पानठेलेवाला तोंडात खर्रा टाकी.

मी त्यांना धुऱ्यापाशी नेलं. तिथं ठसे होते. पाच-सहा डुकरं जंगलातून सरळ आलेली, धुऱ्याजवळ घोटाळलेली, आणि धुरा न ओलांडता मागे फिरलेली. आत धानाची एक लोंबी वाकलेली नव्हती. शेजारच्या बांधीत मात्र अर्धा एकर लोळवला होता. तिथला जागल्या मोबाइलवर सामना बघायला गावात गेला होता. आता तो पंचनाम्याच्या तयारीत होता, आणि चार माणसं त्याच्याशी हळहळून बोलत होती.

"माझे गुण मांडा," मी बसक्या आवाजात म्हणालो.

"पकड कुठं केली तुमी?" लाइनमनने विचारलं. "हातबी नाई लागला."

कोतवाल मात्र उकिडवा बसून ठसे न्याहाळत होता. "हा धुरा म्हंजे निदान रेषा," तो सावकाश म्हणाला. "चढाईले आला आन निदान रेषा न ओलांडता वापस गेला, त काय होते?"

"बाद," कंडक्टर पटकन म्हणाला. नियम त्याला तोंडपाठ.

"गुन कोनाले?"

"बचावाच्या संघाले. पन खेळाडूच्या नावावर नाई मांडत. कोनी धरलंच नाई, त नाव कोनाचं मांडनार?"

मी गप्प झालो. नियमांत न घडलेल्या गोष्टीलाही गुण आहे, पण त्याच्यापुढे नावाची जागा कोरी.

इतक्यात लाइनमन वाकला, ठशात बोट खुपसलं आणि माझ्याकडे बघून गालात हसला. लग्नातली ती गोष्ट त्याला माहीत होती. "गुरजी," तो म्हणाला, "इथं चिखल आहे गा."

माझं काळीज लक्कन हललं. छत्तीस वर्षांनी पुन्हा तेच.

तेवढ्यात पानठेलेवाल्याने बाजूला जाऊन पिंक टाकली. सगळ्या हंगामात त्याचं एवढं एकच वाक्य आम्ही पुरतं ऐकलं.

"चिखल पाहून डुक्कर कवा वापस जाते बे?"

कोणीच काही बोललं नाही. रजिस्टरात तेवढ्या एका नोंदीवर पहिल्या झटक्यात एकमत झालं.

आलुबोंड्यांची चर्चा अजून चालू आहे.