गुरुवारचा केक

रानडे रोडवरचा फेरीवाला हा दादरमधला सर्वांत भरवशाचा पंचांगकर्ता. गणपतीत मखराच्या झालरी, दिवाळीत आकाशकंदील, संक्रांतीला हलव्याचे दागिने; आणि डिसेंबरच्या या दिवसांत त्याच फुटपाथवर, त्याच दोरीवर कागदी चांदण्या, चकचकीत माळा आणि पांढऱ्या गोंड्याच्या लाल टोप्या. माल बदलतो, सूर बदलत नाही. 'शेवटचा पीस आहे, ताई,' हे तो ज्या कळकळीनं कंदिलाबद्दल सांगतो, त्याच कळकळीनं चांदणीबद्दल सांगतो, आणि ती विकली गेली की मागच्या गोणीतून दुसरी काढून दोरीला लावतो.

आमच्या इमारतीत चांदण्यांचा खप तसा कमीच. इथल्या निम्म्या गॅलऱ्यांत दिवाळीचा कंदील अजून लटकतोय. तुळशीचं लग्न झालं की काढू म्हणतात, मग त्रिपुरी पौर्णिमा जाते, मग देवदिवाळी. शेवटी घरातला कर्ता पुरुष एकदा स्टुलाकडे बघतो आणि म्हणतो, 'आता नाताळ आलाच आहे, राहू दे.' आळसाला सर्वधर्मसमभावाचं इतकं सुबक रूप दुसरीकडे कुठे मिळणार नाही. गेटवरची दिव्यांची माळही याच तत्त्वावर 1 जानेवारीपर्यंत चालते. विजेच्या बिलाचा विषय कुणी काढलाच, तर सेक्रेटरी 'एकदमच काढू' म्हणतात आणि पाण्याच्या टाकीकडे वळतात.

थंडीचंही थोडं नाटकच. पहाटेचा पारा 18 अंशांवर आला की मुंबईकर कपाटातून स्वेटर काढतो, लोकलच्या डब्यात डांबरगोळ्यांचा वास पसरतो आणि कुणीतरी ज्येष्ठ नागरिक 22 जानेवारी 1962 ची आठवण काढतात. त्या दिवशी सांताक्रूझला 7.4 अंशांची नोंद झाली होती, ती अजून कुणी मोडलेली नाही. दुपारपर्यंत पारा तिशी गाठतो आणि स्वेटर कमरेला येतो. खरी कसोटी मॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या सांताक्लॉजची. मिसरूड फुटलेला पोरगा, बर्फासाठी बेतलेला अंगरखा, कापसाची दाढी. चॉकलेटं वाटता वाटता तो दाढी हनुवटीखाली ओढून घटाघटा पाणी पितो, आणि रांगेतली एखादी चिमुरडी आईकडे असं बघते की त्या माउलीला उत्तर सुचू नये.

मला हे दिवस आवडतात त्याचं कारण मुळीच उदात्त नाही. दिवाळी आली की माझ्या वाट्याला माळे, पंखे आणि खिडक्यांच्या जाळ्या येतात. नाताळात माझ्याकडे एकही काम नसतं. लगबग दुसऱ्याच्या घरी आणि वास आपल्या घरी, अशी वाटणी एरवी कुठल्या सणात होते?

वास येतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या आंटींकडून. आंटींचं माहेर वांद्र्याच्या गावठाणातलं. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुळातल्या इथल्याच. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला 50 वर्षं झाली तेव्हा, 1887 मध्ये, त्यांच्या समाजानं या नावाची संस्था काढली. आंटींची मराठी आमच्यापेक्षा जुनी आहे आणि पुष्कळच मुद्द्याची.

सध्या त्यांच्याकडे कलकल वळणं चाललंय. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर. सुपारीएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर दाबून चपटी करायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची. कंगवा दरवर्षी नवा आणतो, हे आंटी प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगतात. मदतीला जमलेली मुलं पहिला घाणा तळून निघेपर्यंत तग धरतात, मग खाली पळतात. उरलेलं पीठ अंकलच्या पुढ्यात. अंकल क्रिकेट बघत वळतात, त्यामुळे त्यांच्या कलकलांना ठरावीक असा आकार नसतो. त्या डब्याच्या तळाशी जातात. शिवाय नेवऱ्या, मिल्क क्रीम, साच्यातलं काजूचं मार्झिपान. सोरपोतेल सणाच्या काही दिवस आधीच शिजवून ठेवायचं, मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. केकचा सुका मेवा तर रममध्ये त्याच्याही कितीतरी आधीपासून मुरत पडलेला.

खरी गोष्ट इथे येते. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये सुरू केलेलं 'कालनिर्णय' आंटींच्याही स्वयंपाकघरात आहे. त्यात त्या स्वतःचे सण बघत नाहीत, ते पाठच आहेत. त्या आमचे बघतात. संकष्टी, एकादशी आणि मुख्य म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार, जे बहुधा याच महिन्यात पडतात. केकमध्ये अंडं, मेव्यात रम, आणि खाली घरोघरी महालक्ष्मीचा घट मांडलेला. मग बुधवारी संध्याकाळी तयार झालेला केक शुक्रवारी सकाळी खाली येतो. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा जिन्यातच प्रयत्न करून पाहिला: 'आंटी, वास तर आलाच आहे. आता एक तुकडा...'

'आजींना विचारून या,' आंटी म्हणाल्या.

आजोबा परत वर गेल्याचं कुणी पाहिलं नाही. आमच्या घरात सकाळी उठून 'आज वार कोणता?' विचारणारी माणसं आहेत. आमचे उपास आंटींच्याच भरवशावर सुरळीत चाललेत.

उलट बाजूचा हिशेब मात्र फारसा अभिमानाचा नाही. पोर्तुगीज चर्च म्हणजे दादरकराला बसचा स्टॉप. 'पोर्तुगीज चर्चला उतरा आणि डावीकडे वळा' असं सांगत हयात घालवलेल्या कित्येकांना ती सत्तरच्या दशकातली वास्तू चार्ल्स कोरियांची आहे, हेही ठाऊक नसतं. नाताळाआधीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते, हे मला कळलं आंटींच्या टेबलावर. ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा घालणारे नियम 2000 मध्ये आले आणि मध्यरात्रीची मिस्सा बऱ्याच ठिकाणी अलीकडे सरकली. त्यावर आंटी अजून कुरकुरतात. या एका मुद्द्यावर त्या आणि आमच्या गल्लीतलं नवरात्र मंडळ यांचं पूर्ण एकमत आहे.

आता प्रश्न डब्याचा. दिवाळीत चकल्या घेऊन वर गेलेला आमचा स्टीलचा डबा तिथेच आहे, कारण रिकामा डबा परत करायची रीत त्यांच्याकडेही नाही. तो नेवऱ्या भरून येईल. मग तो आमच्याकडे रिकामा होणार आणि पुढचा मुहूर्त संक्रांतीचा. पण आंटींच्या दातांचं काम निघालंय, तिळाचे लाडू त्यांना चालणार नाहीत. मऊ वड्या कराव्यात की सरळ गुळाच्या पोळ्या, यावर घरात दोन तट पडलेत. नाताळ अजून व्हायचा आहे.