मानेखालचा खान्देश

मे महिन्यात पांढरा शर्ट घालून जळगावहून धुळ्याला लग्नाला जाणे हे धाडस आहे, आणि खान्देशातला प्रत्येक जावई ते दरवर्षी करतो. अंतर नव्वदेक किलोमीटर. पाळधीपर्यंत शर्ट परीटघडीचा असतो. एरंडोलला पाठ सीटला चिकटते. पारोळ्याला कॉलर मानेशी नको तितकी सलगी करू लागते. पारा ४४ च्या पुढे गेलेला असतो आणि मंडपातला जंगी कूलर वरपक्षाच्या सोफ्याकडे तोंड करून बसलेला असतो. अक्षता पडेपर्यंत कॉलरच्या आतल्या घडीवर ती रेघ उमटते. मधोमध पिवळसर, कडेला काळपट, आणि सातबाऱ्यावरच्या बोजासारखी चिवट.

धुळ्याला माझी सासुरवाडी आहे. तिथल्या आजेसासूबाईंची नजर नव्वदीतही शाबूत होती. खुंटीवर टांगलेला शर्ट त्यांनी काठीच्या टोकाने वळवून पाहिला आणि भर ओसरीत विचारले, "जवाई, हाई कॉलर शे का गाडीनं टायर?"

मी मास्तर माणूस. मी महामार्गाची धूळ, ट्रक, काळी माती असे सगळे पुढे केले. सगळा खान्देश हेच करतो. प्रत्यक्षात धुळीचा या प्रकरणात हात फार थोडा. मानेच्या कातडीतून आपले आपणच तेल गाळत असतो. त्यात घाम मिसळतो, झडलेल्या कातडीचा भुगा मिसळतो आणि केस चापूनचोपून बसवण्यासाठी थापलेले खोबरेल वरून उतरते. धूळ सर्वांत शेवटी येते आणि या तयार बैठकीवर बसते. आळ मात्र पहिला तिच्यावर. अंगच्या तेलात स्क्वालीन नावाचे एक द्रव्य असते, ते हवा लागून पिवळे पडते. म्हणून वरवर धुऊन चैत्रात कपाटात ठेवलेला शर्ट दिवाळीला काढावा, तर कपाटातच कॉलर पिवळी झालेली. मग घरात 'हा कोणी घातला होता?' अशी चौकशी बसते. कोणीही घातलेला नसतो. धुताना राहिलेले तेल फक्त कामाला लागलेले असते.

त्यात आपले कापड. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात राहायचे, दारातून कापसाच्या गाड्या जाताना पाहायच्या आणि फुले मार्केटात जाऊन इस्त्री न मोडणारा टेरिकॉटचा शर्ट घ्यायचा! पॉलिस्टरला पाण्याचे वावडे आणि तेलाचे वेड. सुती कापड एक वेळ तेल सोडते, पॉलिस्टर सोडत नाही. वर कॉलर ताठ राहावी म्हणून शिंपी आत बक्रम घालतो. म्हणजे मळाला बाहेरची ओसरी आणि आतली खोली, दोन्हींची सोय.

आजेसासूबाईंनी रिठ्याचे पाणी सुचवले. सासरे म्हणाले, घासलेटात बुडवा. त्यांच्या मते सायकलच्या चेनपासून सगळ्यालाच घासलेट लागते. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट सांगितली. तिने दात आणि कॉलर दोन्ही घासली जातात, फरक एवढाच की दात टणक असतात. जळगावात कामाला येणाऱ्या मावशींचा भरवसा प्लॅस्टिकच्या खरखरीत ब्रशावर. त्यांच्या हाताखाली डाग हमखास जातो, सोबत सुतेही जातात, आणि कॉलरच्या घडीवर अशी मऊ लव येते की शर्ट घालणाऱ्याला उगाच हिवाळा वाटावा. आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांचा उपाय होता खडू. रोज सकाळी शर्ट घालण्याआधी ते कॉलरच्या आत पांढरा खडू फिरवीत. तेल खडूने प्यायचे, संध्याकाळी झटकायचे. खडू शाळेचा होता की घरचा, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही, पण उपाय बिनचूक होता. टाल्कम पावडरही हेच काम करते आणि तिच्या हिशेबाला दप्तर लागत नाही.

ब्लीचची मात्र बाटली लपवून ठेवा. पांढऱ्यासाठी म्हणून ते ओतायचे आणि घामातल्या प्रथिनांशी त्याचे बिनसून कॉलर पहिल्यापेक्षा पिवळी निघायची, हे दृश्य घरोघरी आहे. त्यावर उपाय म्हणून मग नीळ येते. पिवळ्यावर निळे चढले की काय होते हे चित्रकलेच्या तासाला दुसरीतले पोर सांगेल.

आपल्याकडे डागांची ददात कधीच नव्हती. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचारा. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी होतो आणि मग शर्ट फाटेपर्यंत राहतो. घड वाहणारा माणूस खांद्यावर जुने धडुते टाकतो ते उगाच नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते तिच्या डागालाही द्यायला हरकत नव्हती, इतका तो अस्सल आहे. दुसरा डाग बिब्ब्याचा. पूर्वी परीट कपडे ओळखायला गळपट्टीच्या आत बिब्ब्याच्या रसाची खूण करी आणि वर चुना लावी. खूण काळीभोर उठे आणि धोपटण्याखालीही हलत नसे. काहींच्या मानेला तिने पुरळ यायचे. म्हणजे एकाच कॉलरवर जो डाग काढायचा तो निघत नसे, आणि जो परिटाने मुद्दाम घातलेला तोही निघत नसे. दोघांचा शेजार वर्षानुवर्षे टिकायचा.

सन १८२७ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉय गावी हॅना मॉन्टेग्यू नावाची बाई नवऱ्याच्या कॉलरी धुऊन इतकी विटली, की तिने कात्री घेऊन कॉलरच कापली, तेवढीच धुतली आणि परत जोडली, असे सांगतात. त्यातून सुट्या कॉलरींचा धंदा उभा राहिला आणि ट्रॉय हे कॉलरींचे शहर म्हणून नावारूपाला आले. आमच्या शिंप्यांची अक्कल हिच्यापेक्षा काटकसरी. ते कॉलर उसवून उलटी करीत आणि पुन्हा शिवून देत. मळकी, झिजलेली बाजू खाली गेली की शर्टाला आणखी काही वर्षांचे आयुष्य. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या मास्तरांचे निम्मे शर्ट असे उलट्या कॉलरचे असत आणि त्या कॉलरी ते ताठ ठेवत. आता कॉलर उलटून द्या म्हटले, तर शिंपी तुमच्याकडे करुणेने पाहतो.

खान्देशाच्या इतिहासात पांढऱ्या कपड्यांचा मोठा मेळा भरला तो १९३६ मध्ये, फैजपूरला. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि जिकडेतिकडे खादी. त्या अधिवेशनाचे पुष्कळ गुण गाइले जातात. माझ्या मते सर्वांत मोठा गुण हा, की ते डिसेंबरात भरवले. मे महिन्यात भरवले असते तर ठरावांत एक ठराव कॉलरींचा झाला असता.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे येतो. तो म्हणजे आपली घाई. शर्ट धुतला, वाळला, कॉलरवर थोडे पिवळे दिसते आहे, पण उद्या घालायचा आहे म्हणून इस्त्रीला टाकला. त्या उष्णतेने उरलेले तेल धाग्यात पक्के मुरते. आमच्या गल्लीतला कोळशाची इस्त्री फिरवणारा म्हणतो, "साहेब, मी डाग पाडत नाही, पक्का करून देतो." एवढी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी ऐकलेली नाही.

उपाय साधा आहे. अंगचे तेल काढायचे तर तेल काढणारेच काही हवे. भांडी घासायचा पातळ साबण किंवा शाम्पू. शाम्पू डोक्याच्या तेलासाठीच केलेला असतो, आणि मान डोक्यापासून लांब नाही. तो कोरड्या कॉलरवर लावायचा. आधी शर्ट भिजवला तर पाणी मध्ये येते. जुन्या मऊ दातब्रशाने हलके फिरवून अर्धा तास ठेवायचा, मग गरम पाण्यात धुण्याच्या पावडरीसोबत धुण्याचा सोडा चिमूटभर. बोअरचे पाणी जड असते. त्यात वडीचा साबण फेस धरत नाही आणि साबण व चुना मिळून जो साका होतो तोही कॉलरवरच बसतो. म्हणून कॉलरपुरते तरी नळाचे पाणी वापरा. नळाच्या पाण्याचा दिवस कोणता, हे जळगाव-धुळेकरांना मी सांगायला नको.

राहिले गरम पाणी. पुण्या-मुंबईत त्यासाठी गिझर लावतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीची चावी सोडली की हात मागे घ्यावा असे पाणी येते. त्या पाण्याने आंघोळ करता येत नाही म्हणून आपण सूर्याला शिव्या देतो. कॉलरला मात्र तेच हवे असते. ज्या उन्हाने डाग दिला तेच ऊन पाणी तापवते आणि धुतलेली पांढरी सुती कॉलर उजळून, वाळवून देते, विजेचे बिल न करता. म्हणून खान्देशात कॉलर सकाळी धुऊ नका, दुपारी धुवा. वाळली की उजेडात नीट बघा, पिवळे दिसले तर पुन्हा धुवा, आणि तोवर इस्त्रीवाल्याच्या दारात जाऊ नका.

आणि बाहेर पडताना कॉलर नि मान यांच्यामध्ये रुमाल घाला. आमची मुलगी त्याला गावठी म्हणते. तुम्हालाही कोणी हसले तर वाद घालू नका, त्याची कॉलर उलटून पाहा.